लिफ्टची बटणं आणि शेवंतीमावशीचे हात

…तर काल आपण आलो होतो ते शेवंतीमावशीने तेलाची वाटी मोरीत भिरकावली तिथपर्यंत. वाटी पितळेची, आईने दिलेली, कणकवलीहून मुंबईला येताना लुगड्याच्या घडीत गुंडाळून आणलेली. घाटकोपरच्या त्या चाळीतली मोरी ती केवढी, दोन बादल्या आणि एक माणूस मावेल एवढी. वाटी भिंतीवर आपटली, बादलीवर आपटली, आणि गरगरत येऊन थांबली ती काशीरामच्या पायाशी. काशीराम म्हणजे मावशीचा नवरा. त्याने वाटी उचलली, लेंग्याला पुसली आणि काही न बोलता फळीवर ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. अशा वेळी जो "काय झालं गं?" असं विचारतो, पुढचा नेम त्याच्यावर असतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ.

शेवंतीमावशी मालिशवाली. बाळ-बाळंतिणीला तेल लावून आंघोळ घालणारी. घाटकोपरच्या पूर्वेला आणि पश्चिमेला मिळून तिने किती पोरं पायांवर घेतली याचा हिशेब तिलाही नाही. पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, की मग ते बाळ जगाचं नाही, मावशीचं. चपटी डोकी तिने गोल केली, बसकी नाकं सरळ केली. निदान तिचं म्हणणं तरी तसं.

एकदा काय झालं, तिच्या मुलाला, हर्षदला, हेल्मेट नाही म्हणून सिग्नलला हवालदाराने अडवलं. मागच्या सीटवर मावशी. तिने हवालदाराकडे नीट पाहिलं आणि खाली उतरली. "अरे, तू कुंदाचा मुलगा ना? भटवाडीतल्या? तुझं डोकं मागून पाटासारखं चपटं होतं. महिनाभर रगडून मी ते गोल केलं. आणि त्याच डोक्यावर टोपी घालून माझ्याच मुलाला अडवतोस होय रे?" सगळा सिग्नल हसला. हवालदार आधी मावशीच्या पाया पडला आणि मग त्याने पावती फाडली. घरी येईपर्यंत मावशी धुमसत होती. पावतीचा राग नव्हता हं. "पाया पडताना टोपी काढली नाय त्याने," हा राग!

असा तिचा स्वभाव. शांत असली की चारचौघांसारखं मराठी बोलणार, आणि राग चढला की थेट मालवणी. घरच्यांना त्यामुळे आधी सूचना मिळायची.

तर सूनबाईंचं बाळंतपण. सून श्वेता, माहेर मुलुंडला. नोकरी मालाडच्या एका मॉलमध्ये, चेहऱ्याला लावायच्या मलमांच्या नि क्रीमच्या काउंटरवर. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सव्वा महिना बाळ तिकडे. मावशीने तो सव्वा महिना कसा काढला ते काशीरामला विचारा! दुसऱ्यांची पोरं पायांवर घ्यायची आणि स्वतःचा नातू मुलुंडला कुणा परक्या बाईच्या हातात. बारशाला गेली तेव्हा त्या बाईचं काम बघून आली आणि बसमध्ये नवऱ्याला म्हणाली, "ती तेल लावते की भिंतीला सफेती करते?" त्याच बारशात बाळाला मऊ मलमलीच्या दुपट्यात गुंडाळताना मलमलीचे धागे तिच्या तळव्याला अडकले होते. तिने ते झटकले. कुणी पाहिलं नाही असं तिला वाटलं. श्वेताने पाहिलं होतं.

बाळ घरी आलं. मावशीने गावाहून भावाकडून घाण्यावरचं खोबरेल मागवून ठेवलेलं, पाट घासून ठेवलेला, आईची ती पितळी वाटी चिंचेने लखलखीत केलेली. पहाटेच पाणी तापलं. नातू पायांवर आला. "बाबल्या माझ्या, हयसर ये," म्हणत तिने तेलाचा हात पाठीवरून, मग गालावरून फिरवला आणि पोर किंचाळलं. आता आंघोळीला रडत नाही ते बाळ कसलं! मावशी आपल्या नादात. पण दारात श्वेता उभी होती. तिला दिसलं ते असं: बाळाच्या पाठीवर तांबड्या रेघा उठत होत्या, कुणी केरसुणीची काडी ओढावी तशा. आणि गालावर एक ओरखडा, त्याच्या टोकाला रक्ताचा ठिपका.

"आई, थांबा."

"अगो, रडांदे. फुफ्फुसां मोकळी होतत."

"आई, थांबा म्हटलं ना! तुमचे हात बघा एकदा. लोखंड घासायच्या कानशीसारखे झालेत." श्वेताने वाकून बाळ उचललं, तसंच तेलकट, छातीशी धरलं. "उद्यापासून आंघोळ मी घालणार."

आणि मग ती वाटी. पोचलो आपण पुन्हा तिथे.

पुढचे काही दिवस त्या घरात भांडीसुद्धा दबकून वाजत होती. मावशीचा राग म्हणजे फोडणीचा ठसका नव्हे, आला नि गेला असा. तो चुलीतल्या लाकडासारखा, वरून राख, आत निखारा. मालवणी न कळणाऱ्या शेजारणीला म्हणाली, "माझे हात कानस! ह्या हातांवर जन्मभर तेल ओतलंय मी. मुंबईत एवढं तेल कुणाच्या हातांना मिळालं असेल तर दाखव. आणि ही पोरगी, परवापर्यंत मॉलात बायकांच्या गालाला नमुने लावत होती, ती मला सांगणार कातडी काय असते ते!"

पण दुपारी सगळे झोपले की ती दाराच्या उंबऱ्यावर बसायची आणि हात उन्हात धरून बघायची. तळव्याच्या कडेने भेगा, भेगांत तेलाची काळी रेघ. अंगठ्याचं पेर फुटलेलं. बोटांची टोकं कडक, सुकलेल्या लिंबाच्या सालीसारखी. तिला आठवायला लागलं. टॉवरमधली चौथ्या मजल्यावरची ती तरुण आई गेले दोन महिने म्हणत होती, "मावशी, हळू हं." मावशीला वाटायचं, नवी आई आहे, भित्री आहे. त्याचाही आता राग आला. त्या आईचा नव्हे. सरळ तोंडावर सांगितलं नाही, याचा.

आणि ते कोडं काही सुटेना. दिवसभर तेलात बुडालेले हात. ते फुटतील कसे?

श्वेता गप्प बसणाऱ्यातली नव्हती. एका सकाळी तिने ओट्यावर एक ट्यूब ठेवली. "आई, हे लावून बघा. जाड झालेली कातडी मऊ करतं, पाणी धरून ठेवतं. यात युरिया आहे."

"काय आसा?"

"युरिया."

"शेतात टाकतत तो? माका भाताचो तरवो समाजलंस काय गो तू?"

काशीरामला हसू आवरेना. मावशीने नुसतं पाहिलं, तसा तो पेपर घेऊन बाहेर गॅलरीत गेला.

"तसा नाही हो आई, हा शुद्ध केलेला, औषधाचा. आपल्या कातडीतही थोडा असतोच, त्यानेच ती ओलसर राहते…"

"माझ्या कातडीत खत नाय! घेवन जा ता."

सुनेच्या हातचं घ्यायचं नाही, हे ठरलं. पण हात बरे करायचेच, हेही ठरलं होतं. म्हणून मग मावशी स्वतः औषधाच्या दुकानात गेली आणि ग्लिसरीनची बाटली घेऊन आली. तिची आई हिवाळ्यात ओठांना लावायची, तेवढी ओळख पुरे. कामावरून आली, हात धुतले, टॉवेलने खसाखसा कोरडे केले, पंखा मोठा केला, आणि ती बाटली जवळजवळ अर्धी हातांवर ओतून चोळली. थोड्या वेळाने भेगांत अशी आग पेटली की विचारू नका! मिरच्या कुटल्यासारखी. ती तशीच ताडताड स्वयंपाकघरात आली. श्वेता पोळ्या करत होती. बाळ आतल्या खोलीत काशीरामच्या मांडीवर.

"ह्या तुमचा पाणी धरणारा औषध! आग धरता, आग!"

श्वेताने बाटली बघितली. "नुसतं लावलंत? पाणी न घालता? कोरड्या हाताला?"

"मग? ओल्या हाताक कोण औषध लावता?"

"आणि वर पंखा!" आता श्वेताचाही आवाज चढला. दोन रागीट बायका आणि एवढंसं स्वयंपाकघर, काय सांगू! "आई, ग्लिसरीनचा स्वभावच पाणी ओढायचा. आमच्या काउंटरवर ते हायल्युरॉनिक ॲसिड म्हणून विकतो ना, ज्याच्यासाठी बायका रांग लावतात, त्याचंही नाव मोठं नि काम तेच. पाणी पकडून बसायचं. पण पकडायला पाणी तर हवं! ओल्या हातावर लावलं तर ते ती ओल धरून ठेवतं. कोरड्या हाताला लावून पंख्याखाली बसलात, तर ते तुमच्या कातडीच्या आतलं पाणी वर ओढणार आणि पंखा ते उडवून नेणार. आग होईल नाहीतर काय होईल?"

"मग तेल? तेल दिवसभर लावतंय ना मी?"

"तेल पाणी देत नाही, आई. तेल म्हणजे झाकण. आत काही असेल तर झाकणाचा उपयोग." श्वेताने परात पुढे सरकवली. बोलण्याच्या भरात कणकेचा उरलेला गोळा उघडा राहिला होता आणि त्याला वरून पपडी धरली होती. "ह्याच्यावर आता तेल चोपडलं तर मऊ होईल? लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच मला ओरडला होतात. आठवतं? म्हणालात, आधी पाण्याचा हात लाव, मुरू दे, मग तेलाचा हात फिरव नि वरून ओलं फडकं टाक. कणकेला एवढं कळतं, मग हातांचंच का नाही?"

मावशीने त्या गोळ्यावर बोट दाबलं. पपडी तडकली. तिने तेच बोट आपल्या तळव्यावरच्या भेगेवरून फिरवलं.

श्वेता जरा सौम्य झाली. "कातडीत मूळचंच एक स्निग्ध असतं. विटांच्या मधे सिमेंट असतं ना, तसं. सेरामाइड म्हणतात त्याला. ते असलं की पाणी आत राहतं. ते धुऊन गेलं की भिंत झिरपायला लागते, मग वरून कितीही तेल लावा."

"ता धुवन कसा जायत?"

"कडक साबणाने. परत परत धुतलं की." आणि मग तिला काहीतरी सुचलं. "आई, कामावर तुम्ही हात कशाने धुता?"

मावशी बाहेरच्या खोलीत गेली. कामाच्या पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक हिरवा तुकडा काढून आणला आणि ओट्यावर ठेवला.

"हा भांड्यांचा आहे," श्वेता म्हणाली.

"माहितेय मला. तेल पटकन निघतं."

"प्रत्येक घरी ह्यानेच? प्रत्येक आंघोळीनंतर?"

"दोनदा. एकदा लावून भागत नाही."

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

आता ही गंमत ऐका, खरं म्हणजे गंमत नव्हेच. पूर्वेला तो टॉवर आहे ना, जिथे चौथ्या मजल्यावर मावशी जाते, तिथे गेल्या वर्षी नवी लिफ्ट बसली. सगळी स्टीलची, आरशासारखी. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्रराव, नोकरीतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर त्या लिफ्टवर नोकरीपेक्षा जास्त जीव लावलेले. तेव्हा मावशी त्याच इमारतीत दुसऱ्या एका बाळाला न्हाऊ घालायला जायची. एके दिवशी त्यांनी तिला लिफ्टच्या दाराशी थांबवलं, मोबाइलची बॅटरी लावली आणि बटणांवर धरली. "मावशी, बघा तुमच्या बोटांची रांगोळी. नव्या लिफ्टला शोभतं का हे?" चारजण उभे होते. कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी शरच्चंद्ररावांनी स्वतः भांड्यांच्या साबणाची वडी आणून पंपाच्या खोलीजवळच्या नळावर ठेवली. हात धुवायचे, मग बटणाला हात लावायचा.

आणि एवढी रागीट बाई, त्या दिवशी तिला राग आला नाही. लाज वाटली. मालिशवाली म्हणजे तेलकट, कळकट, असं कुणाच्या मनात येऊ नये म्हणून तिने त्याच वडीचा तुकडा पिशवीत ठेवला आणि घरोघरी वापरायला लागली. जिथे लिफ्ट नव्हती तिथेही. चाळीत लिफ्टचं नाव नाही, पण धुतले हात. आपण स्वच्छ आहोत, हे कुणी विचारलं नव्हतं तिथेही तिने दाखवून दिलं. वर्षभर.

ओट्यावरचा तो हिरवा तुकडा मावशीने उचलला, खिडकीतून बाहेर फेकायला हात वर नेला, आणि पुन्हा खाली घेतला. खरकट्या भांड्यांच्या टोपल्यात टाकला. "जेच्यासाठी आसा, तेच्यासाठी वापर," एवढंच म्हणाली. पण काशीरामने दारातून तो चेहरा पाहिला. तो नंतर म्हणायचा, वाटी फेकली तो राग काहीच नव्हता.

त्या दिवसापासून ट्यूब ओट्यावरून मावशीच्या उशाशी गेली. कशी गेली ते कुणी विचारलं नाही. भेगा होत्या तोवर श्वेताने युरियाला हात लावू दिला नाही, आणखी झोंबेल म्हणून. आधी ग्लिसरीन, तेही पाण्यात पातळ केलेलं, ओल्या हातावर. टॉवेलने खसाखसा नाही, नुसतं टिपायचं. मग वरून मावशीचं घाण्यावरचं खोबरेल. शेवटी का होईना, खोबरेलाचा मान राहिला. "झाकण म्हणून तरी घेतलंस माझ्या तेलाला," असा टोमणा रोज न चुकता. भेगा मिटल्यावर जाड कातडीला तो युरिया. कामावर साबण बंद. आंघोळ झाली की जुन्या सुती फडक्याने हात पुसायचे, बस.

आणि परीक्षा घ्यायची श्वेताची जॉर्जेटची ओढणी. ही युक्ती श्वेताचीच. ओढणी ताणून धरायची आणि मावशीने तळवा फिरवायचा. पहिल्या दिवशी चर्रकन आवाज झाला आणि दोन धागे निघाले. "नापास," श्वेता म्हणाली. मावशी लालबुंद. शाळेतसुद्धा तिला कुणी नापास केलं नव्हतं, कारण परीक्षेआधीच शाळा सोडली होती. रोज सकाळी आंघोळीची वेळ झाली की श्वेता बाळाला घेऊन मोरीत जायची आणि मावशी बाहेर बसून आतलं पाण्याचं पडणं ऐकायची. "मान धर गो त्याची! मान!" असं ओरडायची. आतून श्वेता म्हणायची, "धरलीय हो!" असं चाललं. ओढणीची कड पार विसकटून गेली.

मग एका संध्याकाळी तळवा ओढणीवरून गेला आणि आवाज आला नाही. पुन्हा फिरवला. नाही आला. श्वेताने ओढणीची घडी घातली आणि म्हणाली, "उद्या तुम्ही."

मावशीने मान फिरवली. डोळे पुसले म्हणा, घाम पुसला म्हणा. काशीराम म्हणतो, घाम.

दुसऱ्या दिवशी टॉवरचं काम आधी उरकून ती घरी परतणार होती. तोवर बाळाला आंघोळ नाही, दूध नाही, पोट भरलेल्या पोराला तेल लावत नाहीत. चौथ्या मजल्यावरचं बाळ न्हाऊन निघालं, आणि त्याची आई पहिल्यांदाच म्हणाली, "मावशी, आज किती छान झोपला तुमच्या हाताखाली." मावशीने हात फडक्याने पुसले, बटण दाबलं, खाली आली. लिफ्टचं दार उघडलं तर समोर शरच्चंद्रराव, मोबाइलची बॅटरी लावून.

"मावशी, परत सुरू झालं हे? हे बघा. आठवडाभर बघतोय मी. बोटं, बोटं, बोटं!"

"फडक्याने पुसले हात."

"फडक्याने तेल जातं का? नळावर नवी वडी ठेवलीय. आधी तिथे जा, स्वच्छ धुवा, दोनदा, आणि मग बाहेर पडा. नियम म्हणजे नियम. नाहीतर मला चौथ्या मजल्यावर सांगावं लागेल, दुसरी बाई बघा म्हणून."

वॉचमन बघत होता. भाजीवाला टोपली टेकवून उभा राहिला. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. श्वेता. मागे बाळाचा टाहो सगळ्या लॉबीला ऐकू येत होता. "आई, कुठे आहात? पाणी उतरवून ठेवलंय. भुकेने रडतोय तो, दूध देऊ का?"

"दूध देव नको. मी इलंय," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने दोन्ही तळवे उघडून शरच्चंद्ररावांच्या नाकासमोर धरले. मऊ, तुकतुकीत, अंगठ्याच्या पेरावर अजून एक फिकट रेघ राहिलेली. ते मागे सरकले. सगळ्यांना वाटलं, आता मालवणी सुरू होणार. ती झाली नाही. ती बोलली ते सावकाश, स्वच्छ, वॉचमनलाही कळेल अशा मराठीत, आणि भाजीवाल्याने नंतर ते सगळ्या घाटकोपरला ऐकवलं, म्हणून मला शब्दन् शब्द ठाऊक आहे:

"शरच्चंद्रराव, तुमच्या बटणावरचं तेल फडका फिरवला की जातं. ह्या तुमच्या वडीने माझ्या हातांची कानस केली आणि माझ्या नातवाच्या गालावर ओरखडा उठला, तो मी कुठल्या फडक्याने पुसू? दुसरी बाई आणायची तर खुशाल आणा, पण तिच्या हातात वडी देण्याआधी महिनाभर स्वतःचे हात त्या वडीने धुवा, आणि मग तुमच्या नातवंडाच्या पाठीवर फिरवून बघा. आता सरका. घरी पाणी निवतंय."